ठिणगी आणि बार

नरकचतुर्दशीच्या पहाटे स्नाने आटोपून मुले अंगणात भुईनळे लावू लागली, की त्या धुराचा उग्र वास घरात शिरतो आणि मला माझ्या आबाजींची आठवण होते. आमच्या चांदा मुलखात आजोबांना आबाजी म्हणतात. सगळे घर अंगणात जमलेले असताना आबाजी मात्र मागच्या पडवीत, धानाच्या कोठीशी पाठ टेकून बसलेले असत. म्हातारपणी आवाज सोसत नसेल, असे आम्हां मुलांना वाटे. खरे कारण कळायला मला सोळावे वर्ष उजाडावे लागले.

मी काही इतिहासकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत मुलांना शिकवणारा आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण आमच्या आढ्याला जी एक बंदूक वर्षानुवर्षे टांगलेली होती, तिच्या मागे लागून थोडाफार इतिहास वाचण्याची सवय मला जडली. त्या बंदुकीची ही हकीकत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला विषय जरा वेगळा वाटेल. पण फटाक्यातली दारू आणि बंदुकीतली दारू या सख्ख्या बहिणीच आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान प. कृ. गोडे यांनी हिंदुस्थानातील आतषबाजीचा इतिहासच लिहून 1953 साली प्रसिद्ध केला होता. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन वस्तूंची ती सारी करामत. साधारणपणे शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. प्रमाण थोडे इकडेतिकडे केले, की कधी फुले झडतात आणि कधी जीव जातो.

आमचे गाव सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. चहूकडे धानाच्या बांध्या, मधे एक जुना मालगुजारी तलाव आणि तलावाच्या पाळीपासून सुरू होणारे सागाचे व मोहाचे रान. चंद्रपूर जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याच्याच पोटात होता. तो वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी. या मुलखाच्या पोटात लोखंड आहे, हे आज सर्वांना ठाऊक आहे. लोहाऱ्याच्या लोखंडाविषयी फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने 1882 साली लिहिलेला अहवाल वाचूनच जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याची कल्पना रुजली. पुढे वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही आणि कारखाना दूर गेला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथले लोक मातीच्या लहान भट्ट्यांतून, कातडी भात्याने वारा घालून, दगडातून लोखंड काढीत होते. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, बाणाचे पाते हे सारे त्यातूनच होई. ज्या हाताने कुऱ्हाड घडते त्या हाताला बंदूक घडवण्याचा मोह न पडला तरच नवल.

आमची बंदूक आबाजींच्या वडिलांच्या वेळी गावच्याच लोहाराने केलेली. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती फिरकीसारखी गुंडाळायची आणि ठोकून ठोकून तिचे सांधे एकजीव करायचे, म्हणजे नळी होते. दस्ता शिवणीच्या लाकडाचा. नळी तयार झाल्यावर लोहाराने ती झाडाला बांधली, दुप्पट दारू ठासली आणि दूर उभे राहून लांब काठीच्या टोकाला पेटता काकडा लावून बार काढला. नळी फुटली नाही, तेव्हाच ती दस्त्यावर चढली. मजुरी म्हणून एक खंडी धान दिल्याचे आबाजी सांगत.

काही लोक अशा बंदुकीला रायफल म्हणतात, ते बरोबर नाही. रायफलीच्या नळीला आतून पेच पाडलेले असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. आमच्या बंदुकीची नळी आतून साफ होती. मोहरीतून दारू, चिंधी आणि छर्रे गजाने ठासून भरायचे, म्हणून हिचे नाव ठासणीची बंदूक. पलीकडे गडचिरोलीच्या बाजूला हिलाच भरमार म्हणतात. चाळीस-पन्नास पावलांपलीकडे हिचा भरवसा नसे.

जुन्या बंदुकांचे तीन प्रकार ध्यानात ठेवावे. पहिली तोड्याची. तिला पेटती जामगी लावावी लागे. मराठ्यांच्या फौजेत हीच फार. दुसरी गारेची. हिच्या घोड्याच्या दातांत गारगोटीचा तुकडा चामड्यात धरलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार पोलादी झडपेवर घासते, ठिणग्या कानातल्या रंजकीवर पडतात, रंजक भडकते आणि तिची जीभ छिद्रातून आत जाऊन बार उडतो. ही युक्ती सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सात निघाली आणि दोनशे वर्षे तिने जग जिंकले. 1818 च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या फौजेने चांद्याचा कोट घेतला, तेव्हा कंपनीच्या शिपायांच्या खांद्यावर गारेच्याच बंदुका होत्या. तिसरी टोपीची. हिच्यात तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटतो.

ही तिसरी कशी निघाली, ती गोष्ट मोठी मौजेची आहे. स्कॉटलंडात अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा एक पाद्री होता. त्याला पाखरांच्या शिकारीचा नाद. त्याच्या ध्यानात आले, की कानातल्या रंजकीचा भडका पाहून पाखरे बार सुटण्यापूर्वीच सावध होतात. म्हणून त्याने आघाताने पेटणारी दारू वापरण्याची युक्ती काढली आणि 1807 साली तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपी आली. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. कारण फोर्सिथचे नावही ज्यांच्या कानावर कधी पडले नाही, त्या आमच्या आबाजींनी हीच गोष्ट मला लहानपणी सांगितली होती. ते म्हणत, "हरन आवाजाले भेत नाई, बापू. ते ठिनगी पाहाते. ठिनगी पडली अन् बार सुटला, याच्या मंधात ते एक उडी मारून घेते."

मग टोपीची सुधारणा आल्यावरही आमच्या रानात गारेची बंदूक का टिकली? याचे उत्तर कारखान्यात नाही, खिशात आहे. टोपी शहरातल्या दुकानातून आणावी लागे आणि दुकानदार परवाना विचारी. गार मात्र नदीच्या पात्रात हवी तेवढी. चकमक तर प्रत्येक शेतकऱ्याच्या कमरेला असायचीच; गार, पोलादाचा तुकडा आणि शेवरीचा कापूस एवढ्यावर रानात बिडी पेटे. बंदुकीची कळ म्हणजे तीच चकमक, फक्त लाकडी दस्त्यावर बसवलेली. ज्या माणसाला दुकान वीस कोस दूर, त्याला जुनी युक्तीच सोयीची.

आता शिकारीविषयी. हे लिहिताना मला लाज लपवायची नाही आणि फुशारकीही मारायची नाही. आबाजी शिकार करीत आणि घर ती खात असे. कार्तिकात धान पिवळे पडले, की बांध्यांवर रोज रात्री जागल लागे. मचाण बांधायचे, खाली शेकोटी, हातात टिनाचा डबा. रानडुकरे येत, रोही येत, चितळांचे कळप येत. एका रात्रीत कळपाने अर्धी बांधी तुडवली, तर वर्षाच्या भाताला भोक पडे. पावसाळ्यात बंदूक निरुपयोगी. दमट हवेत रंजक पेटत नसे. कार्तिकातले कोरडे वारे सुटले, की आबाजी दारू सुपात पसरून उन्हात वाळवीत आणि आजी मुलांना चुलीतला निखारा घेऊन तिकडे फिरकू देत नसे. दसऱ्याला नांगर, विळा, कुऱ्हाड यांच्याबरोबर बंदुकीलाही झेंडूचे फूल वाहिले जाई.

शाळामास्तराच्या सवयीने इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आपण सरसकट ज्यांना हरिण म्हणतो त्यांत दोन घराणी आहेत. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे; यांची शिंगे गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चौसिंगा आणि रोही हे दुसऱ्या घराण्यातले. यांची शिंगे जन्मभराची. आबाजींना हा फरक पुस्तकाशिवाय ठाऊक होता. ते मखमल चढलेल्या शिंगांचा नर मारीत नसत, गाभणी मादी मारीत नसत आणि तलावावर पाणी पिणाऱ्या जनावरावर बार टाकीत नसत. शिकार पडली की मुंडके मारणाऱ्याचे, एक फरा बंदूक घडवणाऱ्या लोहाराच्या घरी, आणि उरलेल्याचे वाटे मोहाच्या पानांवर घरोघर. माडिया लोकांत तर पेरणीपूर्वीच्या बिजा पंडुमाच्या सणात गावाने मिळून शिकारीला निघण्याची जुनी रीत होती. त्यांचे हत्यार मुख्यतः धनुष्यबाण. शिकार हा त्यांच्या लेखी शौक नव्हता, पंचांगाचा भाग होता.

या पंचांगावर सरकारची सही लागू लागली ती इंग्रजी अमलात. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड आणि माडिया तरुण जमवून इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. आजही त्या दिवशी तेथे लोक जमतात. रानातल्या माणसाच्या हातचे हत्यार म्हणजे काय, हे सरकारने तेव्हा ओळखले असले पाहिजे. पुढे वीस वर्षांनी, 1878 साली, एकाच वर्षात दोन कायदे झाले. एक हत्यारांचा आणि दुसरा जंगलाचा. पहिल्याने हिंदी माणसाच्या बंदुकीला परवाना लागला. गोऱ्याला त्यातून सूट होती. दुसऱ्याने ज्या रानात आमचे पणजे-खापरपणजे मोहफुले वेचीत होते, ते राखीव झाले. मला वाटते, आमच्या मुलखाच्या इतिहासात 1857 इतकेच 1878 हे साल मुलांकडून पाठ करून घ्यावे. हत्यार आणि रान या दोन्हींचा मालक त्या एका वर्षात बदलला.

गंमत अशी, की त्याच रानात साहेबांची शिकार जोरात चालू राहिली. परवाने निघत, रानाचे तुकडे वाटून दिले जात, हाकारे लागत. हाके घालायला माणसे आमचीच. साहेबाने मारला तर तो खेळ, आणि गावकऱ्याने मारला तर तो गुन्हा. सगळीकडे असेच होते असे मात्र नाही. कूर्गच्या कोडवांना 1861 पासूनच बंदुकीच्या परवान्यातून सूट मिळाली होती. आमच्या वाट्याला ती आली नाही.

स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा हत्यार कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून तो लागू झाला. त्यात आमच्यासारख्यांची आठवण ठेवली होती. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर तिचा परवाना द्यावा, असे त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. आबाजींनी त्याच कायद्याखाली परवाना काढला. चोरून ठेवलेली बंदूक उजळ माथ्याने आढ्याला टांगली गेली, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता! आणि पुढच्याच कार्तिकात ती गोष्ट घडली.

माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते. आबाजी मचाणावर जागलीला गेले होते आणि आजीने वडिलांच्या हाती भाकरी आणि घोंगडी देऊन त्यांना बांधीवर पाठवले. हातात कंदील होता. बांधीजवळ येताच वडिलांना चितळांची चाहूल लागली. कळप बिथरू नये, आबाजींची शिकार वाया जाऊ नये, म्हणून त्या शहाण्या पोराने कंदील विझवला आणि बांधाच्या कडेने दबकत पुढे निघाले.

चांदणे होते. आबाजींनी कळपातला एक नर हेरला, नेम धरला आणि चाप ओढला. गार झडपेवर घासली, ठिणगी पडली, रंजक भडकली. त्या भडक्याबरोबर चितळाने आडवी उडी घेतली. आणि ते जिथे होते त्याच्या मागे, त्याच उजेडात, आबाजींना आपले पोर उभे दिसले.

वाचकहो, पापणी लवायला लागतो एवढाच तो वेळ. त्या वेळात माणसाला सगळे दिसते आणि काही करता येत नाही. आबाजींनी नळी वर झटकली असे ते सांगत. पण झटकली म्हणून मुलगा वाचला, की अंतर साठ-सत्तर पावलांचे होते म्हणून वाचला, हे ठरवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. बरेचसे छर्रे डोक्यावरून गेले. काही डाव्या दंडात शिरले. रातोरात बैलगाडी जुंपून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जमले तेवढे छर्रे काढले. तीन खोल गेले होते, ते राहू दिले. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मी त्या दंडातले तीन टणक दाणे बोटाने चाचपीत असे. ते काय, असे विचारले तर "चितळाने दिलेले मोती," असे म्हणून ते हसत.

त्या रात्रीनंतर आबाजींनी बंदूक चालवली नाही. परवान्याचे नूतनीकरण करीत, दसऱ्याला फूल वाहात. पण जागलीला जाताना हातात टिनाचा डबाच नेत. आणि दिवाळीच्या पहाटे मागच्या पडवीत जाऊन बसत. भुईनळा पेटला की क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळतात ना, तेच त्यांना पाहवत नसे.

एव्हाना बाहेरचे जगही बदलत होते. ताडोब्याला 1935 सालीच शिकारबंदी झाली होती आणि 1955 साली तेथील सुमारे 116 चौरस किलोमीटरचे रान राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातले ते पहिले. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. 1991 च्या दुरुस्तीने शौकाच्या शिकारीचे परवानेही कायमचे संपले. साहेबांचा आणि संस्थानिकांचा खेळ अखेर बंद पडला, पण त्याच वेळी गावकऱ्याच्या वाट्याचा दरवाजाही लागला. पुढे 2006 साली वनहक्काचा कायदा झाला आणि 2009 साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला देशात प्रथम सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू, मोह, तेंदू यांवर गावाची मालकी आली. त्या कायद्यातही शिकारीचा परंपरागत हक्क मात्र मुद्दाम वगळला आहे.

आबाजी गेले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. परवाना त्यांच्या नावाचा. बंदुकीचे काय करायचे, असा प्रश्न तेराव्याच्या दिवशी निघाला. काकाजींचे म्हणणे, गवताच्या छपरात खुपसून ठेवावी, कोण पाहायला येतो. मलाही ते मनापासून वाटत होते. घरातली एवढी जुनी वस्तू, पणज्याच्या हातची, ठाण्याच्या कोठडीत गंजायला द्यायची? मी तसे बोलूनही दाखवले. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सदऱ्याची डावी बाही वर केली, माझा हात धरून आपल्या दंडावर ठेवला आणि ती रात्र मला पहिल्याने सांगितली. शेवटी म्हणाले, "तिच्यातले तीन दाने माह्यापाशी हायत. आठवनीले तेवढे पुरे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सायकलवर बसून ठाण्यात गेलो. बंदूक घोंगडीत गुंडाळून मीच धरली होती. हवालदाराने पावती दिली. परत येताना वडील वाटेत नदीवर थांबले, घोड्याच्या दातातून काढून ठेवलेली गार त्यांनी खिशातून काढली आणि पाण्यात टाकली. जिथून आली तिथे गेली.

अलीकडच्या वर्षांत गडचिरोलीच्या गावागावांतून लोकांनी आपल्या भरमार बंदुका पोलिसांकडे स्वतःहून जमा केल्याच्या बातम्या येतात. ओळीने मांडून ठेवलेल्या त्या नळ्यांचे चित्र वर्तमानपत्रात पाहिले, की माझी नजर प्रत्येक दस्त्यावर फिरते. त्या प्रत्येकीमागे एक लोहार, एक बांधी आणि एखादी तरी न सांगितलेली रात्र असणार.

पण मी काही तुमच्यापुढे सोपे तात्पर्य ठेवणार नाही. गेल्या कार्तिकात माझ्या चुलतभावाची पाऊण एकर धानाची बांधी डुकरांनी एका रात्रीत उकरली. नुकसानभरपाईचा अर्ज मीच लिहून दिला. तो म्हणाला, "आबाजीची बंदूक रायली असती, तं..." मी त्याला काय सांगणार? रानातली चितळे आणि डुकरे आपण संपवली, तर उपाशी वाघ गावातल्या गुरांवर येतो, हे खरे. आमच्या जिल्ह्यात वाघाने माणूस मारल्याची बातमी आता नवी राहिलेली नाही, हेही खरे. आणि ज्याचे धान गेले त्याच्या चुलीपाशी बसून यातले काहीच मोठ्याने बोलता येत नाही, हेही तितकेच खरे. बंदूक परत द्यावी असे मला वाटत नाही. पण जी बंदूक त्याच्याकडून काढून घेतली, तिचे काम आता कोणीतरी करावयास हवे. कुंपण, वेळेवर मिळणारी भरपाई, जागलीला माणूस, काहीही असो. हत्यार ठेवणाऱ्याने आपला शब्द पाळला. आता घेणाऱ्याची पाळी आहे.

वडील आता थकले आहेत. दिवाळीच्या पहाटे ते अंगणात खुर्ची टाकून बसतात. आबाजींसारखे आत जात नाहीत. माझी धाकटी मुलगी भुईनळा लावायला जाते तेव्हा मात्र ते एकदम ओरडतात, "थांब! मागं कोनी हाय का, पाह्यलं का?" मुलगी वैतागते, पण मागे वळून पाहते. कोणी नाही अशी खात्री करते, आणि मगच ठिणगी लावते.